वाचकांचे प्रश्न : ठाणे खाडीतील रोहित पक्षी आणि तिथीची पाऊणपट

प्रश्न : येत्या फेब्रुवारीत सासू-सासरे आणि दोन मुलांना घेऊन ऐरोलीहून बोटीने रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला जाण्याचा विचार आहे. शेजारी गेल्या वर्षी जाऊन आले. पक्षी लांब होते, पुष्कळसे पांढुरके होते आणि नावाड्याने बोट जवळ नेऊन थवा उडवून दाखवला म्हणून पैसे वसूल झाले, असे ते सांगतात. कोणत्या वेळी जावे? मुलांना कुरवांना (सीगल पक्ष्यांना) शेव-गाठी घालता येतील का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपण वेळ विचारलीत हे चांगले केलेत, कारण तेथील पक्ष्यांचा दिवस घड्याळावर नव्हे, तर भरती-ओहोटीवर चालतो. ओहोटीने चिखलाचे पट्टे उघडे पडले की रोहित तेथे चरायला उतरतात आणि भरतीने चिखल बुडाला की विश्रांतीसाठी अन्यत्र जातात. बोटीला मात्र पाणी हवे असते. म्हणून भरती ओसरू लागल्यानंतरचा, चिखलाच्या कडा दिसू लागल्या आहेत पण बोट अजून तरंगते आहे, असा मधला काळ सर्वांत चांगला. मुंबईच्या किनाऱ्यावर तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ठोकळ वेळ मिळते, हा कोळी बांधवांचा हिशेब येथे उपयोगी पडतो. पंचमीला पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या, तर षष्ठीला साडेचारच्या सुमारास भरती येते. म्हणजे या दोन्ही तिथींना सकाळी सातच्या पुढे पाणी बऱ्यापैकी उतरलेले असते. अभयारण्य खाडीच्या पश्चिम काठाला असल्यामुळे ऐरोलीकडून पाहणाऱ्याच्या पाठीशी सकाळी सूर्य असतो आणि रंग नीट दिसतात. फेरीची नेमकी वेळ ऐरोलीचे सागरी व किनारी जैवविविधता केंद्र पाण्यानुसार ठरवते, तेव्हा आपण तारीख या हिशेबाने निवडावी आणि वेळ केंद्राकडून पक्की करून घ्यावी.

थवा उडवून दाखवण्याविषयी मात्र स्पष्ट लिहिणे भाग आहे. रोहित पक्षी चोच उलटी करून पाण्यात बुडवतो, जिभेने पाणी आत-बाहेर ढकलतो आणि चोचीतल्या गाळणीत अडकलेले सूक्ष्म अन्न खातो. लहान रोहिताचे पोट प्रामुख्याने शेवाळावर चालते, तर मोठा रोहित बारीक कवचधारी जीवही टिपतो. अशा कणाकणाच्या खाण्याला वेळ फार लागतो आणि ओहोटीचे तास मोजकेच असतात. त्यात हा पक्षी जागेवरून उडत नाही. त्याला पाण्यातून धावत जाऊन वेग घ्यावा लागतो. बोट अंगावर घालून थवा उठवणे म्हणजे जेवणाऱ्याला भरल्या पानावरून उठवणे होय, आणि दिवसभरात अशा कितीतरी बोटी येत असतात. पुढे यांतल्या अनेक पक्ष्यांना विणीसाठी कच्छच्या रणापर्यंत जायचे असते. त्या प्रवासाची शिदोरी याच चिखलात साठते. ऑगस्ट २०१५ मध्ये सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळाली; त्यात या चराऊ जागेचा मोठा वाटा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात वन्यप्राण्यांना त्रास देणे आणि कचरा टाकणे, दोन्ही निषिद्ध आहे. नावाड्याला आपणच आधी सांगावे की आम्हाला थवा उडवून नको आहे; प्रवासी मागतात म्हणूनच बहुधा तो तसे करतो. अंतर दुर्बिणीने कापावे. घरात नसेल तर कोणाकडून उसनी आणावी. भेटीत जो फरक पडतो तो तिच्यामुळेच.

आपल्या शेजाऱ्यांना जे पांढुरके पक्षी दिसले, त्यांत बरीचशी वयात न आलेली पिल्ले असणार. रोहिताचे पिल्लू राखाडी असते. अन्नातील कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे गुलाबी रंग चढायला दोन-तीन वर्षे लागतात. मुलांना थव्यातले लहान-मोठे वय ओळखायला सांगितले, तर गडद गुलाबी पक्ष्याच्या शोधापेक्षा त्यांचा वेळ अधिक मजेत जाईल.

कुरवांना शेव-गाठी घालू नयेत. तळलेले, खारट पदार्थ त्यांचे अन्न नव्हे, आणि एकदा सवय लागली की ते मासे सोडून बोटींमागे घिरट्या घालतात. सासू-सासऱ्यांसाठी टोपी आणि पाणी जवळ ठेवावे, आणि सर्वांनी भडक रंगांचे कपडे टाळावेत.

प्रश्न : भरतीच्या वेळी आमच्या इमारतीजवळच्या तळ्यात शेकडो रोहित उतरतात. संध्याकाळी तेथे जाऊन पाहण्यात गैर आहे का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : पाहण्यात गैर काहीच नाही, परंतु बांध उतरून पाण्याच्या कडेला जाऊ नये. खाडीतला चिखल बुडालेला असताना ही तळीच त्यांचा विसावा असतात. येथून उठवले, तर जवळपास दुसरी जागा मिळणे कठीण असते. कुत्रा सोबत असल्यास त्याला साखळीला बांधूनच न्यावे. फ्लॅश वापरू नये आणि ड्रोन मुळीच उडवू नये. आपण तेथे रोज जाणार असाल, तर एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे : खाडीचे पाणी ज्या नाल्यांतून तळ्यात येते, ते बुजले किंवा बुजवले गेले की पाणी साचून सडते वा आटते आणि पक्षी येणे थांबते. तसे दिसल्यास तारखेसह छायाचित्र काढून वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे (मॅन्ग्रोव्ह सेलकडे) लेखी तक्रार करावी व तिची पोच घ्यावी.