'माझं तारण झालं' म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न असा आलाय. शेजारच्या ख्रिस्ती काकू बोलता बोलता म्हणाल्या, "माझं तारण सतराव्या वर्षी झालं." विचारणाऱ्याला दोन गोष्टी उमगेनात. एक म्हणजे तारण तर बँकेत ठेवतात, सोनं वगैरे, मग माणसाचं तारण कसलं? आणि दुसरी, काकूंचे आजोबा-पणजोबा सगळे ख्रिस्ती, मग ह्यांचं तारण जन्मतःच झालेलं नाही का, सतराव्या वर्षी वेगळं काय घडलं?

वाचून राहवलंच नाही, कारण मी जालन्याचा, ख्रिस्ती घरातला, आणि हा शब्द पाळण्यात असल्यापासून ऐकत आलोय.

आधी शब्द बघू. तरणे म्हणजे पाण्यातून पलीकडं जाणं, न बुडणं, आणि तारणे म्हणजे दुसऱ्याला बुडू न देणं, 'देव तारी त्याला कोण मारी' मधलं तारी तेच, आणि संतांच्या अभंगात भवसागर तरून जायचा असतो तेही हेच. मराठी बायबलमध्ये तारण, तारणारा, तारणप्राप्ती हे सगळं ह्याच धातूवरून आलं. मुक्ती, उद्धार हे शब्दही ख्रिस्ती लोकांत चालतात, पण मोक्ष सहसा कुणी म्हणत नाही आणि मला ते बरोबर वाटतं, कारण मोक्ष म्हटलं की जन्ममरणाचा फेरा डोळ्यासमोर येतो, ख्रिस्ती श्रद्धेत तो फेरा नाहीच, तिथं चित्र आहे ते पापात बुडणाऱ्याला कुणीतरी हाताला धरून वर काढल्याचं.

आता बँकेतलं तारण. आपल्याकडं सोयाबीन निघालं आणि भाव पडलेला असला की शेतकरी पोती बाजार समितीच्या गोदामात ठेवून शेतमाल तारण कर्ज घेतो, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजानं. इथं तारण म्हणजे दिलेला पैसा बुडू नये म्हणून ठेवलेली वस्तू. बुडण्याचा धागा दोन्हीकडं आहे असं मला वाटतं, पण अर्थ पार लांब गेलेत, तेव्हा गोंधळ होणं साहजिक आहे.

पण गंमत बघा, क्रियापद लावलं की गोंधळ लगेच मिटतो. बँकेत तारण *ठेवतात*, चर्चमध्ये तारण *होतं*, फार तर *मिळतं* किंवा माणूस तारण *पावतो*. 'मी माझं तारण केलं' असं कुठलाही ख्रिस्ती माणूस म्हणणार नाही. मग चर्चमध्ये ठेवतात काय? विश्वास. 'मी विश्वास ठेवला आणि माझं तारण झालं', ह्या एका वाक्यात ठेवणारा मी आहे आणि करणारा दुसरा कुणीतरी. बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल, येशूचा प्रेषित, हेच सांगतो, की तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे, कुणी बढाई मारू नये.

आणि दुसरं, वाडवडलांकडून येणाऱ्या गोष्टींना आपण वेगळी क्रियापदं लावतो. जमीन चालत आली, आडनाव लागलं, सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव चढलं. 'आमच्या घराण्यात तारण चालत आलंय' हे वाक्य मी आजवर एकदाही ऐकलं नाही, कॅथलिकांकडून नाही, सीएनआयवाल्यांकडून (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) नाही, पेंटेकॉस्टलवाल्यांकडून तर नाहीच. शाळेच्या दाखल्यावर धर्म 'ख्रिश्चन' येतो तो बापाकडून, तारण तसं येत नाही. काकूंना सतराव्या वर्षी जे झालं ते बहुधा हेच, की घरातून ऐकत आलेली गोष्ट त्या दिवशी त्यांनी स्वतः मानली.

वंश की विश्वास, हा वाद नवा नाही, थेट बायबलमध्येच आहे. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यानं दिलेली दीक्षा, करणारा योहान यार्देन नदीकाठी लोकांना बजावतो की 'अब्राहाम (यहूद्यांचा मूळपुरुष) आमचा बाप आहे' असं मनात आणू नका, देव ह्या दगडांतूनसुद्धा अब्राहामाला लेकरं उभी करू शकतो. पौल तर स्वतः अस्सल यहूदी घराण्यातला, आठव्या दिवशी सुंता झालेला, बन्यामिनाच्या वंशातला, इब्र्यांचा इब्री, ही सगळी यादी फिलिप्पैकरांच्या पत्रात देतो आणि पुढं म्हणतो की ख्रिस्तापुढं मी हे सगळं केरकचरा समजतो. गलतीकरांना लिहितो की जे विश्वासाचे आहेत तेच अब्राहामाची मुलं, म्हणजे वंश हा शब्द तो टाकून देत नाही, त्याचा अर्थच फिरवतो. वारस, संतान, दत्तक हे सगळे आपल्या तलाठ्याकडचे शब्द मराठी बायबलमध्ये त्यामुळंच इतक्यांदा भेटतात.

मग एक अडचण येते, ती प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. फिलिप्पै शहराच्या तुरुंगात पौल तुरुंगाधिकाऱ्याला म्हणतो, विश्वास ठेव म्हणजे "तुझे व तुझ्या घराण्याचे तारण होईल". घराण्याचे! हे वचन आमच्याकडं कितीतरी घरांत भिंतीवर टांगलेलं असतं आणि एकानं मानलं की सगळं घर तरलं असा अर्थ काही जण काढतात. पण तिथंच थांबू नका, पुढच्याच ओळी वाचा, पौल घरातल्या सगळ्यांना वचन सांगतो, सगळ्यांचा बाप्तिस्मा होतो, घरात आनंद होतो. घराणं इथं रक्त म्हणून येत नाही, दार उघडलं म्हणून सगळ्यांपर्यंत पोचतं. बाळाचा बाप्तिस्मा करणारी चर्च आणि मोठेपणीच करणारी चर्च ह्यांच्यात इथं मतभेद आहेत, पण नुसत्या रक्तानं तारण होतं असं त्यांतलं कुणीच म्हणत नाही. आणि विश्वासासोबत कर्माचं काय, तर याकोबाच्या पत्रात क्रियेवाचून विश्वास निर्जीव म्हटलंय, तो वाद मोठा आहे, इथं नको.

मला सगळ्यात आवडतं ते रोमकरांच्या पत्राच्या अकराव्या अध्यायातलं झाडाच्या कलमाचं उदाहरण. आपल्या मोसंबीच्या नर्सरीत जा, जंबेरी नाहीतर रंगपूर लिंबाचा खुंट पेन्सिलीएवढा झाला की साल उभी चिरतात, त्यात मोसंबीचा डोळा, म्हणजे अंकुर, सरकवतात आणि पट्टीनं आवळून बांधतात. खुंट रानटी, डोळा चांगल्या झाडाचा. पौल बरोबर उलटं सांगतो, चांगल्या जैतुनाच्या झाडावर रानटी जैतुनाची फांदी लावली, आणि हे निसर्गाविरुद्ध आहे हेही तोच म्हणतो. चांगलं झाड म्हणजे अब्राहामाचा यहूदी वंश, रानटी फांदी म्हणजे यहूदी नसलेले विश्वासणारे. चांगल्या झाडाच्या काही फांद्या अविश्वासामुळं तुटल्या, आणि ही परकी फांदी विश्वासानं तिथं टिकली. पण तिला लगेच ताकीद आहे, मुळाला तू आधार देत नाहीस, मूळ तुला आधार देतं. म्हणजे पूर्वज निरुपयोगी नाहीत, येशू स्वतः शोमरोन प्रांतातल्या एका बाईला सांगतो की तारण यहूद्यांमधून आहे. मूळ त्यांचं, पण त्या मुळाचा रस फांदीला मिळतो तो विश्वासानं.

जालन्यात तर ह्याला उदाहरण आहेच. रेव्हरंड नारायण शेषाद्री, ब्राह्मण घरात जन्म, १८४३ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा, पुढं जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. त्यांच्या मागं एकही ख्रिस्ती पूर्वज नव्हता.

माझी आजी अडाणी होती, पण तिला हा शब्द पक्का कळला होता. रविवारी मी चर्चला जायला कुरकुर करायचो, म्हणायचो आपण तर ख्रिश्चनच हाओत ना, रोज रोज काहून जायचं? ती चुलीपुढून न उठता म्हणायची, "लेकरा, तुह्या पणज्यानं विहिरीत पोहणं शिकलं होतं, म्हणून तुला पोहता येतं का?" मला खरंच येत नव्हतं, मी गप चप्पल घालायचो.