ज्येष्ठ आर्किटेक्ट वारले, आता त्यांचं ऑफिस शिष्य चालवतात. कोकणातलं घर बांधायला त्यांच्याकडे द्यावं का?

हा प्रश्न लोक मला समोरासमोरही विचारतात, कारण मी अशाच शिष्यांपैकी आहे. सर गेले तेव्हा दापोलीच्या ऑफिसात आम्ही तिघं होतो आणि दोन घरं अर्धी उभी होती.

सरांचं घर लांबून ओळखू येतं. गिलावा न केलेला जांभा, मंगलोरी कौलं, आणि पडवीत शिरताना उंच माणसाला वाकावं लागेल इतकं खाली उतरलेलं पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू. एवढं कुणीही बघून उतरवू शकतो, आणि किनाऱ्यावरच्या कितीतरी रिसॉर्टांनी उतरवलंही आहे. पण पाखं खाली का, हे त्यात येत नाही. आपल्याकडे पाऊस सरळ पडत नाही, नैऋत्येकडून झड येते. जांभ्याचा चिरा खाणीतून निघताना मऊ असतो, वारा लागला की टणक होतो, तरी पाणी पितोच. झड खाणारी भिंत गणपतीपर्यंत ओली राहते. म्हणून पश्चिमेला पडवी आणि वर ते पाखं.

मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं. दापोली-मंडणगडात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि सरांच्या काही घरांचं तेच पाखं वाऱ्याने खालून उचललं. कौलं रिपांवर नुसती टेकलेली असतात. पुढे आलेल्या पाख्याखाली वारा कोंडला की तो वर ढकलतो, वरून जाणारा वारा ओढतो. आमचा सगळ्यात मोठा अभिमान अंगणात फुटून पडला होता. सर नव्हते, विचारायचं कुणाला?

तिघांत कडाक्याचं भांडण झालं. एक म्हणाला, सरांनी आखलं तसंच पुन्हा बांधू. दुसरा म्हणाला, आता स्लॅबच टाकू. मला दोन्ही पटेना. शेवटी सरांच्या वह्या काढल्या. दर जुलैत ते आपल्या जुन्या घरांवर फेरी मारायचे, बॅटरी घेऊन माळ्यावर चढायचे, कुठे ओल आली ते लिहायचे. एका वहीत सापडलं की त्यांच्या सुरुवातीच्या घरांत पाखं आखूडच होतं. भिंती भिजल्या म्हणून पुढच्या घरांत ते खाली आलं. म्हणजे ज्याला आम्ही सरांची शैली म्हणत होतो, ती त्यांनी स्वतःच्या चुकीवर केलेली दुरुस्ती होती! मला त्या रात्री फार बरं वाटलं.

पाखं तेवढंच ठेवलं. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून सुटं केलं, म्हणजे एक गेलं तरी दुसरं राहील. वासे लोखंडी पट्ट्यांनी भिंतीवरच्या काँक्रीटच्या बीमला जखडले, कडेची कौलं तारेने बांधली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याच्या बाजूने गेलं, तेव्हा त्या पडव्या जागेवर राहिल्या.

कमी खर्चाच्या घरांसाठी ओळखले जाणारे केरळातले आर्किटेक्ट लॉरी बेकर २००७ साली गेले. त्रिशूरची कॉस्टफोर्ड ही संस्था १९८५ पासून त्यांच्या पद्धतीने बांधते आहे. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची त्यांची भिंत साधारण एक चतुर्थांश विटा वाचवते. एका ग्राहकाला तीच हवी होती, पण त्याच्या गावाशेजारी चिरेखाण आणि वीट घाट उतरून येणार. आम्ही नको म्हटलं. जवळचं वापरा, हेच तर बेकर सांगत होते.

तेव्हा त्या ऑफिसात फोटो बघत बसू नका. सरांच्या हातचं दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं एक घर दाखवायला सांगा, भर पावसात जा, आणि घरमालकाला विचारा की ऑफिसातलं कुणी शेवटचं कधी येऊन गेलं. सर गेल्यानंतर कुणीच फिरकलं नसेल, तर मी माझं घर तिथे देणार नाही. आमची फेरी यंदाही जुलैत आहे, सोबत यायचं तर जरूर या. त्या झडीत छत्री टिकत नाही, रेनकोट आणा.