कोकणात सायकलसाठी जीपीएस कॉम्प्युटर: आधी चार्जिंगचे झाकण आणि बिल पाहा

नमस्कार. ‘मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून हँडलला बांधला होता, दाभोळच्या जेट्टीवर पोहोचेपर्यंत तो बंद पडला आणि आता चार्जच होत नाही,’ हे तुमचे वाक्य वाचून थबकलो, कारण हेच दुखणे मी चांगल्या महागड्या जीपीएस कॉम्प्युटरच्या, म्हणजे हँडलवर बसणाऱ्या आणि वाट दाखवणाऱ्या यंत्राच्या, बाबतीत भोगलेले आहे. तुम्ही दापोलीत राहता, पुढच्या हंगामात ३०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करायची आहे, किनाऱ्याच्या रस्त्यांनी वाट न चुकता हिंडायचे आहे, आणि अमेरिकेतला मावसभाऊ दिवाळीत येताना यंत्र स्वस्तात आणून देतो म्हणतो. ते आणवावे का आणि कोणते, असा तुमचा प्रश्न आहे. कोठून घ्यावे हे मला अधिक महत्त्वाचे वाटते, म्हणून त्याबद्दल आधी आणि सविस्तर लिहितो. सेन्सर कसे जोडायचे, स्ट्राव्हाला (फेऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपला) खाते कसे जोडायचे वगैरे गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असे धरून चालतो. माझा कोणत्याही दुकानाशी किंवा कंपनीशी संबंध नाही, आणि कायद्याविषयी पुढे जे लिहिले आहे ते एका ग्राहकाचे अनुभवज्ञान आहे, वकिलाचा सल्ला नव्हे.

बहुतेक चांगल्या यंत्रांवर ‘आयपीएक्स ७’ असे लिहिलेले असते आणि आपण ते ‘वॉटरप्रूफ’ असे वाचतो. त्या मानकाचा प्रत्यक्ष अर्थ एवढाच, की यंत्र १ मीटर खोल गोड्या पाण्यात ३० मिनिटे ठेवले तर आत अपायकारक प्रमाणात पाणी शिरू नये. ही चाचणी स्थिर पाण्यातली असते, त्यामुळे वॉशिंग सेंटरवरच्या पाइपाचा जोरदार फवारा त्यात येत नाही, आणि खाऱ्या पाण्याचा तर संबंधच नाही. आपल्याकडे मात्र फेरीबोटीवर उडणारे तुषार, खारा वारा आणि हँडलवर टपटपणारा घाम असे तिन्ही बाजूंनी मीठ यंत्रावर साचत राहते. ते रबरी झाकणाच्या कडेने चार्जिंगच्या पोर्टपर्यंत पोहोचते, आणि घरी आल्यावर आपण झाकण उघडून ओल्या पोर्टमध्ये केबल खुपसतो. खाऱ्या ओलाव्यातून वीज वाहू लागली की पिनांवरचा मुलामा झपाट्याने खाल्ला जातो आणि खालचे तांबे उघडे पडून हिरवे होते. यंत्र आतून ठणठणीत असते, उपग्रह पकडत असते, फक्त ते चार्ज होत नाही, म्हणजे व्यवहारात ते मेलेलेच असते.

माझे यंत्र असे बंद पडले तेव्हा ते वॉरंटीत होते, भारतातल्याच अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेले होते आणि बिल हातात होते. ते मी मुंबईतल्या एका सेवा केंद्राकडे कुरिअरने पाठवले. केंद्राचे नाव लिहीत नाही, कारण वाद वाढवण्यात आता रस उरलेला नाही. बरेच दिवस काही कळेना. फोन करावा तर ‘तुमची केस पुढे पाठवली आहे’ एवढेच ऐकू येई, ईमेल करावा तर स्वयंचलित पोच येई आणि काही दिवसांनी तक्रार ‘निकाली’ काढल्याचा संदेश येई. काय निकाल लागला, हे त्या संदेशात कधीच नसे. असे भिजत घोंगडे पडले असताना शेवटी पोर्टचे एक धूसर छायाचित्र आणि ‘लिक्विड डॅमेज, वॉरंटीबाह्य’ असे तीन शब्दांचे उत्तर आले. पाण्यात चालते म्हणून विकलेले यंत्र पाण्याने बिघडले तर ती वॉरंटीबाहेरची गोष्ट कशी, असे मी सरळ विचारले, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी ‘सर, पाऊस चालतो, पण ओलावा चालत नाही’ असे ऐकवले. या वाक्यापुढे काय बोलावे हे मला आजतागायत सुचलेले नाही.

त्याहून संताप आणणारी गोष्ट पार्सल परत आल्यावर दिसली. पोर्टवरचे रबरी झाकण गायबच होते. पाठवताना ते जागेवर होते, हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हते, कारण केंद्राने यंत्र मिळाल्याची जॉबशीट दिलीच नव्हती आणि मागितल्यावर ‘कुरिअरने आलेल्या मालाला देत नाही’ असा नियम सांगितला. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तोपर्यंत मौनात असलेली मंडळी एकाएकी बोलती झाली. दुरुस्त केलेले जुने यंत्र निम्म्या किमतीत देऊ, असा तोडगा त्यांनी काढला. पावसाळा तोंडावर होता, मी तो स्वीकारला. न्याय मिळाला असे मात्र मी म्हणणार नाही.

बिल, वॉरंटी आणि अधिकृत विक्रेता हे सगळे असताना ही गत, तर अमेरिकेतल्या दुकानाच्या पावतीवर इथे तुमचे कोण ऐकणार? अनेक कंपन्यांची वॉरंटी ज्या देशात खरेदी झाली त्या देशापुरतीच असते, आणि बिघडलेले यंत्र मावसभावाकडे परत धाडायचे तर जाण्यायेण्याचा खर्च आणि येताना सीमाशुल्क असा दुहेरी भुर्दंड पडतो. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: पुण्यात राहणाऱ्याने परदेशातून आणवले तर एक वेळ चालेल, पण बाणकोटपासून रेडीपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्याने यंत्र भारतातच, पक्क्या बिलावर घ्यावे, मग त्यासाठी एक पायरी खालचे मॉडेल घ्यावे लागले तरी हरकत नाही. खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली चिकटपट्टी आहे की नाही ते पाहा. आयात केलेल्या बंद मालावर हा मजकूर असणे कायद्याने आवश्यक आहे, आणि तो नसेल तर माल आडवाटेने आलेला आहे असे समजा. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्या. दुरुस्तीला पाठवण्याची वेळ आलीच, तर झाकण, पोर्ट आणि पडदा यांची छायाचित्रे काढा आणि जॉबशीट मिळाल्याशिवाय गप्प बसू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला मुंबईचे उंबरे झिजवण्याची गरज नाही, रत्नागिरीला दाद मागता येते. हे मला उशिरा कळले.

आता निवडीकडे. विक्रेते नकाशाचे रंग आणि प्रशिक्षणाचे आलेख दाखवतात, पण तुमच्यासाठी पहिली कसोटी बॅटरीची आहे, आणि तिचे कारण पुन्हा ते झाकणच. ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला २० तासांची मुदत असते. कंपनी १५ तास सांगत असेल तर मार्गदर्शन चालू ठेवून आणि रात्री पडदा उजळून त्याहूनही कमी मिळतात, मग तुम्हाला वाटेत कोठेतरी, बहुधा भर पावसात, झाकण उघडून पॉवर बँक जोडावी लागेल. दाखवलेला आकडा २४ तासांच्या पुढचा असावा, म्हणजे सायकलवर असताना झाकणाला हात लावायची वेळच येत नाही. ४०० ची मुदत २७ तास आणि ६०० ची ४० तास आहे. तिथे रात्रीच्या मुक्कामात, कोरड्या जागी, पोर्ट पुसून चार्ज करता येते. उदाहरणादाखल, गार्मिनच्या एज ५४० ला कंपनी २६ तास सांगते, जुन्या ५३० ला २० तास सांगत असे. जुने स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

दुसरी कसोटी बटणांची. पावसाचे थेंब टचस्क्रीनवर पडले की यंत्र आपोआप पाने उलटते, आणि ओल्या हातमोज्याने स्पर्श केला तर ढिम्म हलत नाही. म्हणून ५४० सारखे नुसत्या बटणांचे, किंवा ८४० सारखे बटणे आणि टच दोन्ही असलेले यंत्र बघावे. वाहू या कंपनीच्या यंत्रांनाही बटणे असतात आणि ती मला आवडतात. सड्यावरच्या रणरणत्या उन्हात पडदा दिसतो का, हेही दुकानाबाहेर येऊन पाहा. उन्हाचाच प्रकाश परतवून दिसणारा साधा पडदा इथे झगमगीत पडद्यापेक्षा सरस ठरतो आणि बॅटरीही कमी खातो. ब्रायटन किंवा आयजीपीस्पोर्टची कमी किमतीची यंत्रे वाईट नसतात, मात्र त्यांपैकी काहींत नकाशा नसतो, नुसती वाट दाखवणारी रेघ असते. रेघेवरून चुकल्यावर नवी वाट शोधून देण्याची क्षमता त्यांत आहे का, हे विचारूनच घ्या.

किनाऱ्यावर वाट दाखवण्याच्या बाबतीत मात्र महागडे यंत्रही भाबडे असते. मार्ग आखताना फेरीबोट टाळण्याची सेटिंग चालू राहिली तर गुहागरहून दापोलीला यायला ते तुम्हाला धोपावे-दाभोळची बोट सोडून चिपळूणचा वळसा दाखवेल. तसेच तवसाळ-जयगड आणि वेसवी-बागमांडल्याचे. उलट, सेटिंग बंद असली तरी शेवटची बोट कधी सुटते हे त्याला माहीत नसते, ते जेट्टीवर विचारूनच निघावे. नकाशे बहुतांशी ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर बेतलेले असतात, आणि आपल्याकडच्या वाड्यांतली एखादी पाखाडी तिथे कोणी साधा रस्ता म्हणून नोंदवलेली असली, की यंत्र आत्मविश्वासाने ‘डावीकडे वळा’ म्हणते आणि समोर शेवाळलेल्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या खाली कोणाच्या तरी अंगणात उतरत असतात. म्हणून मार्ग आदल्या दिवशी मोठ्या पडद्यावर, उपग्रहचित्रावर बोट फिरवून, कोमूट किंवा राइड विथ जीपीएस या मार्ग आखण्याच्या अ‍ॅपमध्ये आखावा आणि तयार फाइल यंत्रात भरावी. नुसत्या जीपीएक्स ट्रॅकमध्ये बहुधा वळणांच्या सूचना नसतात, टीसीएक्स किंवा फिट प्रकारात त्या सोबत नेता येतात. गूगल मॅप्समधून अशी फाइल थेट निघत नाही, त्यामुळे तो पाहायला मोबाइल जवळ असावा, पण खिशात, कोरड्या पिशवीत.

बोटीवरचीच आणखी एक गंमत. सायकल कठड्याला टेकवून तुम्ही उभे असता आणि यंत्र मात्र खाडीची रुंदी तुमच्या खात्यात जमा करत असते. चाकाच्या तुंब्यावर बसणारा स्पीड सेन्सर जोडलेला असला की अंतर चाकावरून मोजले जाते आणि हे थांबते. शिवाय गर्द झाडीत आणि घाटाच्या वळणांवर उपग्रहाचा वेध ढळतो, तेव्हाही तोच सेन्सर उपयोगी पडतो. ज्या यंत्रांत नोंद दर सेकंदाला करण्याची सोय आहे, तिथे ती लावून ठेवा.

प्रशिक्षणाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यातला बराचसा भाग यंत्रापेक्षा रस्ताच करून घेतो. हर्णैहून दापोलीला चढणारा रस्ता, किंवा कोणत्याही खाडीवरून सड्यावर येणारा चढ हाच तुमचा इंटरव्हल (थोडा वेळ जोर लावून करायचा सराव), त्यासाठी वेगळा आराखडा विकत घेऊ नका. पॉवर मीटर (पायडलवरचा जोर मोजणारे उपकरण) नसताना यंत्र जे क्षमतेचे आकडे दाखवते ते फार मनावर घेऊ नयेत. दमट हवेत त्याच श्रमाला हृदयगती जास्त चढते, म्हणून ऑक्टोबरचे आणि जानेवारीचे आकडे शेजारी ठेवून खिन्न होण्यात अर्थ नाही. उंचीचे आकडेही असेच फसवतात. चांगल्या यंत्रात हवेच्या दाबावरून उंची मोजतात, आणि आपल्या अक्षांशावर दाब रोज सकाळी १० च्या सुमारास वाढलेला व दुपारी ४ च्या सुमारास उतरलेला असतो. हा फरक साधारण ३ हेक्टोपास्कल, म्हणजे जवळपास २५ मीटर उंचीइतका असतो, त्यामुळे सकाळी मुरूडच्या पुळणीवरून निघून दुपारी तिथेच परतलात तरी यंत्र तुम्हाला टेकाडावर बसवते. निघताना उंची जुळवून घेतली की पुरे. आकडे अचानक वेडेवाकडे येऊ लागले तर मागच्या बाजूचे दाबाचे बारीक छिद्र चिखलाने बुजले आहे का ते पाहा. तिथे टाचणी घालू नका, पाण्याने धुवा.

प्रत्येक फेरीनंतर झाकण घट्ट बंद ठेवून यंत्र नळाच्या मंद धारेखाली धुवावे, सुती कापडाने पुसावे, मग झाकण उघडून पंख्याखाली ठेवावे आणि चार्जिंगला दुसऱ्या दिवशी लावावे. मी हे न चुकता करतो आणि ते निम्म्या किमतीचे जुने यंत्र अजून चालते आहे. सोबत मिळणारी सुरक्षादोरीही बांधा, महामार्गावरच्या खड्ड्यांत यंत्र माउंटवरून उडालेले मी पाहिले आहे.

मावसभावाला काही आणायला सांगायचेच असेल तर हृदयगती मोजणारा छातीचा पट्टा सांगा, मात्र सीआर २०३२ या बटणसेलवर चालणारा आणि यंत्राशी बिनतारी जोडणारे एएनटी प्लस व ब्लूटूथ दोन्ही असलेला. त्यात चार्जिंगचे पोर्ट नसते, आणि सेल दापोलीत घड्याळजीकडे मिळतो.