डिसेंबरात गुहागरला घरच्या अंगणात लग्न आहे. रंगसंगती कशी ठरवावी?

आधी विधींचे रंग मोजा. नवरीची पिवळी अष्टपुत्री आणि हिरवा चुडा हे ठरलेलेच, त्यामुळे तुम्हाला फक्त तिसरा रंग निवडायचाय. घर जांभ्याचं असेल तर मरून टाळा. त्या तांबूस भिंतीपुढे मरून शालू अगदी विझून जातो. मोरपंखी किंवा गडद जांभळा उठून दिसेल, आणि मांडव पांढराच ठेवा (गुलाबी झालरी डेकोरेटर गळ्यात मारतातच, ठाम नाही म्हणा).

मुहूर्त गोरज असेल तर मात्र हिशेब बदलतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. मग पिवळ्या दिव्यांत जांभळा, नेव्ही ब्लू काळपट दिसतात. तिथे अबोली किंवा राणी घ्या. कापड दुकानातल्या ट्यूबखाली पसंत करू नका, बाहेर उन्हात आणि घरी पिवळ्या बल्बखाली धरून बघा.

हिवाळा म्हणून मखमल वगैरे नको. आपल्याकडे दुपारी घामच येतो, आणि फिक्या सिल्कवर तो लगेच दिसतो. फुलांचं सोपं आहे: झेंडू, झावळ्या, दाराशी सुपारीचे घड.