प्रीमेडची सुरुवात: आधी एवढंच बघा

ताई, लेकीला डॉक्टर व्हायचंय, तर तिच्या मेजरची (पदवीच्या मुख्य विषयाची) एवढी धास्ती घेऊ नका. तुम्ही नुकत्याच पुण्याहून आलात म्हणून सांगतो, अमेरिकेत बारावीनंतर थेट एमबीबीएस नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं मेडिकल स्कूल. आणि ‘प्रीमेड’ हे मेजर नव्हे, ती नुसती मेडिकल स्कूलसाठीची तयारी. इतिहास किंवा संगीत घेऊनही मुलं डॉक्टर होतात. तिला आवडतं ते घेऊ दे, मार्कही त्यातच पडतात.

एवढे विषय मात्र बहुतेक मेडिकल स्कूलना लागतात:

- बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स; लॅबसकट
- बायोकेमिस्ट्री (एमकॅट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेलाही असते)

नेहमीची चूक म्हणजे पहिल्याच सेमिस्टरला केमिस्ट्री, बायो, कॅल्क्युलस सगळं कोंबणं. माझ्या चिरंजीवांनी तेच केलं. केमिस्ट्रीत सी आला. कोर्स पुन्हा करून ए मिळवला, तरी मेडिकल स्कूलच्या अर्जात दोन्ही ग्रेड धरल्या गेल्या! सुरुवातीला दोन सायन्स पुरे.

कॉलेजच्या नावासाठी कर्ज काढू नका. स्टेट युनिव्हर्सिटीत जीपीए (ग्रेडची सरासरी) टिकवला तर उत्तमच. एमकॅटच्या पुस्तकांना इतक्यात हातही लावू नका.