लाट लहान, तरी सर पाण्यात सोडत नाहीत!

प्रश्न: मुलगी बालीला कुटा बीचवर सर्फिंग शिकतेय, रोज सकाळी अ‍ॅपचा स्क्रीनशॉट पाठवते. परवा 1.6 मीटर, 8 सेकंद होतं, तर म्हणाली बाबा लाटा अगदीच बारक्या. आज 1.4 मीटर, 15 सेकंद आहे आणि सरांनी नवशिक्यांना पाण्यात जाऊच दिलं नाही. हे उलटं कसं? अ‍ॅप चुकतंय का? आणि ही मंडळी एवढ्या पहाटे का जातात?
– एक वाचक, मांजलपूर, बडोदा

उत्तर: अ‍ॅप बरोबर आहे काका, तुम्ही मीटर बघताय आणि सेकंद सोडून देताय. सेकंद म्हणजे एका लाटेमागून दुसरी यायला लागणारा वेळ, आणि खरा जोर तिथेच कळतो. खोल समुद्रात 8 सेकंदवाली लाट साधारण 100 मीटर लांब असते, 15 वाली 350 मीटर, आणि लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पाणी हलतं, त्यामुळे 15 वालीला तळ खूप आधीपासून लागतो, पुढचा भाग मंदावतो, मागचं पाणी येऊन चढतं आणि समुद्रात 1.4 असलेली लाट किनाऱ्यावर फुटताना बरीच उंच होते. शिवाय 1.4 ही सगळ्यात मोठी लाट नव्हे, ती सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी, अधूनमधून जवळपास दुप्पट लाटही येते. बराच वेळ शांत आणि मग एकदम चार-पाच मोठ्या, याला सेट म्हणतात, नवशिके त्या शांत वेळेलाच फसतात. सरांनी थांबवलं ते अगदी योग्य केलं, तिला त्यांच्याशी वाद घालू देऊ नका.

आणि ही लाट बालीत तयार झालेलीच नसते. खाली दक्षिण हिंदी महासागरात, 40-50 अक्षांशांच्या पट्ट्यात वादळं होतात, तिथून ती ताशी 40 किलोमीटरच्या आसपास वेगाने चार-पाच दिवस चालत येते, म्हणून तर अंदाज इतका आधी सांगता येतो. तसल्याच लाटा केरळच्या किनाऱ्यावर कल्लक्कडल म्हणून घुसतात, आपल्याकडे हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था इशारा देते, इंडोनेशियात तिथलं हवामान खातं, बीएमकेजी.

वाराही बघत जा. कुटा पश्चिमेकडे तोंड करून आहे, एप्रिल ते ऑक्टोबर वारा आग्नेयेचा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे, त्याने लाट छान उभी राहते. तोच वारा पूर्वेच्या सानुरला समोरून येतो आणि पाणी विस्कटतो. म्हणजे आकडा एक, पण दोन बीचवर दोन गोष्टी! भरतीचं म्हणाल तर कावी-कंबोईचं स्तंभेश्वर मंदिर भरतीला पाण्यात जाताना बघितलेल्या आपल्या बडोदेकरांना बालीची भरती काहीच वाटणार नाही, पण बालीतल्याच उलुवातूसारख्या ठिकाणी तळाला खडक आहे, तिथे ओहोटीला पडलं तर सरळ खडकावरच, कुट्याला निदान वाळू आहे.

पहाटे जातात कारण तेव्हा वारा पडलेला असतो, ऊन तापलं की वाढतो. तिथले सहा म्हणजे आपले साडेतीन, तेव्हा फोन नका करू.