सात दिवसांचे क्यूब कमी भरले, तर?

प्रश्न : आमच्या दुमजली घराच्या फूटिंगसाठी (कॉलमखालच्या पायासाठी) २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचे काँक्रीट ठरले होते. ७ दिवसांच्या चाचणीत तीन क्यूबची (त्याच काँक्रीटच्या घनाकृती नमुन्यांची) सरासरी ११ आली. ठेकेदार म्हणतात की २८ दिवसांत ताकद भरून येईल, हवे तर हॅमर मारून पाहू. आणि माती भरून घेण्याची त्यांना घाई आहे. काय करावे?

उत्तर : सर्वप्रथम, २८ दिवसांचा अहवाल हाती येईपर्यंत माती भरू देऊ नका, कारण ती पडल्यावर तपासणी आणि दुरुस्ती दोन्ही अवघड होतात. साध्या पोर्टलँड सिमेंटचे काँक्रीट ७ दिवसांत २८ दिवसांच्या ताकदीच्या सुमारे दोन तृतीयांशापर्यंत पोहोचते. त्या हिशेबाने तुमचा आकडा किमान १३ च्या आसपास हवा होता. मात्र फ्लाय ॲश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेले सिमेंट सुरुवातीला सावकाश ताकद धरते, म्हणून गोणीवरचा प्रकार आधी वाचा. सिमेंट साधे असेल, तर नुसत्या आश्वासनावर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

शंका क्यूबविषयीही घ्यावी लागते. १५० मिलिमीटरचा साचा थराथराने नीट ठोकून भरला नसेल, साच्यातून काढलेला क्यूब पाण्याऐवजी उन्हात पडून राहिला असेल किंवा यंत्रात तो बाजूच्या सपाट पृष्ठांऐवजी थापी फिरवलेल्या तोंडावर दाबला गेला असेल, तर चांगले काँक्रीटही नापास ठरते. याच्या उलट प्रकार अधिक धोक्याचा आहे: क्यूब उत्तम भरतात, पण नमुना घेतल्यानंतर माल सैल व्हावा म्हणून त्यात पाणी ओतले जाते किंवा व्हायब्रेटर (काँक्रीट घट्ट बसवणारे कंपनयंत्र) कोपऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही, आणि अहवालात यातले काहीच उमटत नाही.

ठेकेदार म्हणतात तो रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारे उपकरण) केवळ पृष्ठभागाचा कठीणपणा दाखवतो आणि ओल्या पृष्ठभागावर त्याचा आकडा कमी येतो. कोणते फूटिंग इतरांपेक्षा कच्चे आहे हे शोधण्यास तो उपयोगी आहे. क्यूबला तो पर्याय नव्हे. २८ दिवसांचे क्यूबही कमी भरले, तर सळ्या चुकवून तीन कोअर (फूटिंगमधून ड्रिलने कापलेले दंडगोल नमुने) काढावेत. त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के भरली आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली गेला नाही, तर काँक्रीट सहसा स्वीकारले जाते. तसे न झाल्यास संरचना अभियंत्याने घराचा प्रत्यक्ष भार धरून फूटिंगचा हिशेब पुन्हा मांडावा. तोवर फूटिंग ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि अभियंत्याच्या लेखी संमतीशिवाय कॉलमचे काम सुरू करू देऊ नका.